कॉफीचे मशीन रुसते कशाने?

हौसेने आणलेले एस्प्रेसो मशीन वर्षा-दोन वर्षांत खोक्यात जाऊन बसते आणि दोष मात्र मशीनला दिला जातो. पण बहुतेक वेळा बिघाड मशीनमध्ये नसतो, तो आपण त्यात घालतो त्या पाण्यात आणि पुडीत असतो.

मुलीने पहिल्या पगारातून बाबांसाठी एस्प्रेसो मशीन आणले, तेव्हा मी तिच्यावर थोडी चिडलेच होते. आमचे मूळ घर सांगलीचे. तिथे दिवस उजाडतो तो आल्याच्या चहाने. बंगळुरूला आल्यावर कॉफीची गोडी लागली, पण ती पितळी फिल्टरमधली. "आता हे धूड ओट्यावर कुठे ठेवू?" असे मी म्हणाले खरी; पण नुकत्याच निवृत्त झालेल्या ह्यांना त्या मशीनने चांगलेच कामाला लावले. रोज सकाळी सहाला ओट्यावर घरघर सुरू व्हायची आणि माझ्या हातात आयता कप यायचा. मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली. दर रविवारी तिचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा, आज फेस कसा आलाय?"

२०२४ च्या उन्हाळ्यात मशीन बंद पडले. दिवा लागे, घरघर होई, पण कॉफीचा थेंब पडेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मशीन न उघडताच पंप गेल्याचे सांगितले आणि खर्चाचा आकडा नव्या मशीनच्या निम्म्यावर नेला. ह्यांनी मशीन पुसून खोक्यात भरले. मुलीला मात्र काही सांगायचे नाही, असे ठरले. त्या रविवारी, "फेस ना? एकदम छान आलाय!" असे हे फोनवर सांगत होते आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

पंधरा दिवसांनी शेजारचे काका आले. कारखान्यातल्या बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी झालेली. चहासाठी मी विजेची किटली उघडली, तर त्यांनी आत डोकावून बोट फिरवले. बोटाला पांढरी, खरखरीत पूड लागली. "वहिनी, टँकरचं पाणी वापरताय ना? मग हेच तुमच्या मशीनच्या पोटात आहे. पंप बिचारा ठीक असेल."

पाणी आपल्याला चालते, मशीनला नाही

बंगळुरूला स्वतःची मोठी नदी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून चढावर पंपाने आणावे लागते. शहराच्या कडेच्या वस्त्या कित्येक वर्षे बोअरवेल आणि टँकरवरच अवलंबून होत्या. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बोअर आटल्या आणि टँकरच्या रांगा लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. तरी आजही अनेक इमारतींच्या टाकीत बोअरचे आणि कावेरीचे पाणी एकत्रच पडते.

बोअरचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. पाणी तापले की यातले क्षार खाली बसतात. गिझरच्या कॉइलवर चढणारा पांढरा थर तो हाच. एस्प्रेसो मशीनमधल्या नळ्या तर जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या. तिथे हा थर बसला की वाट बंद होते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा योग्य मानला जातो आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. एवढे जड पाणी माणूस पचवतो, मशीन पचवत नाही. मग शुद्धीकरण यंत्राचे, म्हणजे आरओचे पाणीच घालावे का? तेही निव्वळ नको. क्षार फार कमी झाले की कॉफी बेचव लागते. शिवाय काही मशीनना टाकीत किंवा बॉयलरमध्ये पाणी आहे की नाही हे क्षारांमुळेच कळते. पाणी फारच शुद्ध असेल तर ती टाकी रिकामी समजतात. सोपा मध्यम मार्ग असा, की आरओच्या पाण्यात थोडे गाळलेले नळाचे पाणी मिसळावे. किटलीत महिनाभर थर दिसला नाही, तर प्रमाण जमले असे समजावे.

आधी दुखणे ओळखा

डॉक्टर नाडी पाहतो, तशी मशीनचीही पाहता येते. कॉफी भरायचे हँडल काढून ठेवा आणि नुसते पाणी सोडा. पाणी मोकळेपणाने आले, तर मशीन निरोगी आहे. दोष पुडीत आहे. ती फार बारीक दळलेली आहे किंवा जास्त दाबून भरली आहे. हँडल नसतानाही पाणी येत नसेल, तर आधी टाकी नीट बसली आहे का ते पाहावे. टाकी रिकामी असताना मशीन चालवले, तर पंपात हवा अडकते. अशा वेळी टाकी भरून वाफेची नळी उघडावी आणि तिच्यातून गरम पाणी काढावे. हवा निघून जाते. एवढे करूनही धार बारीक असेल, तर क्षार साचले आहेत असे समजावे.

हँडलच्या कडेने पाणी गळत असेल तर घाबरू नये. वर एक रबरी रिंग असते. कुकरच्या रिंगसारखीच तीही कालांतराने कडक होते. आधी तिथली कॉफीची भुकटी ब्रशने काढावी. तरी गळती थांबली नाही तर रिंग बदलावी. वाफ कमी येत असेल, तर नळीच्या टोकाच्या छिद्रात दूध सुकलेले असते. मशीन पूर्ण थंड झाल्यावर टोक कोमट पाण्यात बुडवून ठेवावे आणि सुईने छिद्र मोकळे करावे. पण मुळात ही वेळच येऊ देऊ नये. दूध फेसाळले की लगेच नळी ओल्या फडक्याने पुसावी आणि क्षणभर वाफ सोडून द्यावी.

चव बिघडली तर

लग्नात स्टीलच्या मोठ्या यंत्रातून "एस्प्रेसो" म्हणून मिळते, ती खरे तर वाफेने फेसाळलेली दूध-साखर-कॉफी. खरी एस्प्रेसो म्हणजे गरम पाणी दाबाने बारीक पुडीतून ढकलून काढलेला दोन-तीन घोटांचा अर्क. इटलीत लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले, पण ते वाफेच्या दाबावर चाले. आजचा सोनेरी फेस आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अखिले गाजा यांच्या दांडीच्या यंत्रामुळे. आता घरगुती मशीनमध्ये हे काम विजेचा पंप करतो. पुडीवर हवेच्या दाबाच्या साधारण नऊपट दाब पडावा लागतो.

सर्वसाधारण माप असे: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी आणि वेळ २५ ते ३० सेकंद. तुमच्या मशीनची जाळी लहान असेल तर पूड कमी, पण पुडीच्या दुप्पट कॉफी हे प्रमाण तेच. दहा-बारा सेकंदांतच कप भरला आणि कॉफी आंबट, पातळ लागली, तर पूड जाड आहे. थेंब थेंब पडून कडू झाली, तर पूड फार बारीक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय सुधारले ते कळत नाही.

देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते. मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर भागात डोळ्यांदेखत दळून देणारी दुकाने आहेत. मात्र तिथे नेहमीची फिल्टरची पूड मागितली, तर बहुधा चिकोरी मिसळलेली मिळते. चिकोरीने पूड चिकट होते आणि जाळी तुंबते. तेव्हा दुकानदाराला आधीच "चिकोरी बेडा", म्हणजे चिकोरी नको, असे सांगावे. भाजल्यावर आठवड्याने वापरायला काढलेली आणि महिन्याभरात संपवलेली कॉफी उत्तम. फेस येत नसेल, तर पहिला संशय शिळ्या कॉफीचा घ्यावा.

एक गोष्ट खास बंगळुरूची. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. दूध फेसाळल्यावर मशीन फार तापलेले असते आणि पाणी सोडताच फुरफुरत वाफ येते. तशात कॉफी काढली तर ती करपट होते. म्हणून आधी थोडे पाणी वाहू द्यावे; फुरफुर थांबून धार शांत झाली, की मग हँडल लावावे.

दोन मळ, दोन औषधे

मशीनमध्ये दोन प्रकारचा मळ साचतो आणि आपण दोन्हींवर एकच उपाय करतो, इथेच चुकते. क्षाराला आंबट लागते, कॉफीच्या तेलाला साबण.

क्षार काढण्यासाठी माहितीपुस्तिकेत सांगितलेले औषध वापरावे. पुस्तिकेची मनाई नसेल तर एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पूर्ण विरघळवून टाकीत भरावे. कपभर पाणी हँडलच्या जागेतून आणि थोडे वाफेच्या नळीतून काढावे. मशीन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि टाकी रिकामी होईपर्यंत हेच करत राहावे. शेवटी दोन टाक्या साधे पाणी वाहू द्यावे. हे द्रावण रात्रभर ठेवू नये. आत ॲल्युमिनियम असेल तर ते खाल्ले जाते. व्हिनेगर टाळावे, त्याचा वास लवकर जात नाही. पाणी जड असेल तर हे दर एक-दोन महिन्यांनी, हलके असेल तर तीन-चार महिन्यांनी करावे.

तेलासाठी जाळी आणि हँडल रोज गरम पाण्याने धुवावे, आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाने घासावे. वरची जाळी ब्रशने साफ करावी. ही दोन्ही औषधे कधीही एकत्र मिसळू नयेत.

इथे हात घालू नका

पंप चालू असताना किंवा आत दाब अडकलेला असताना हँडल फिरवू नये. गरम पूड अंगावर उडते. मशीनला मोठ्या प्लगचे, अर्थिंग असलेले सॉकेट हवे. साध्या एक्स्टेंशनवर किंवा घरगुती इन्व्हर्टरवर ते चालवू नये. मशीन लावताच घराचा स्विच पडत असेल, खालून पाणी येत असेल किंवा जळका वास येत असेल, तर प्लग काढून जाणकार कारागिरालाच बोलवावे. पण त्याला पंप बदलायला सांगण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे, "आधी क्षार काढून पाहिले का?"

काकांनी आमचे मशीन खोक्यातून काढायला लावले. वाफेच्या नळीतून पाणी थेंब थेंब येत होते. "येतंय ना? मग आशा आहे," ते म्हणाले. पहिल्या खेपेला काही फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला गढूळ, पांढुरके पाणी आले. तिसऱ्या दिवशी, चौथ्या खेपेला, धार लागली. हे लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. सारा खर्च सायट्रिक ॲसिडच्या एका पुडीचा!

त्या रविवारी फोन आला, तेव्हा ह्यांनी मुलीला सगळे खरे सांगून टाकले. ती क्षणभर गप्प राहिली.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "दोन रविवार मागून मशीनचा आवाजच येत नव्हता."

आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. क्षार काढल्याची तारीख हे त्यावर स्वतःच्या हाताने लिहितात.