केबल कोणती घ्यावी? आधी ती कुठे लागणार ते बघा

जुन्या एलपींवरून गायकाचा सा मोजणं हा माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे. एका रेकॉर्डच्या स्पेक्ट्रममध्ये १५० हर्ट्झवर एक सरळ, जराही न हलणारी रेष दिसली. गायकाचा सा पांढरी दोन, म्हणजे १४७ हर्ट्झच्या आसपास. मी ती रेष तानपुऱ्याची समजून दोन आठवडे आकडे काढत बसलो! निघाली विजेच्या ५० हर्ट्झची तिप्पट. फरक जेमतेम ३७ सेंट्सचा, पण श्रुतींबद्दल काही म्हणायचं असेल तर तेवढ्यात सगळं मुसळ केरात.

ज्याला विचारावं तो सांगे, केबल बदल, भारीतली घे. थांबा, आधी गणित करू.

माझं कार्ट्रिज डेनॉन डीएल-१०३, मूव्हिंग कॉइल प्रकारचं. आउटपुट सुमारे ०.३ मिलिव्होल्ट, इम्पीडन्स ४० ओहम. पुढे १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. व्होल्टेज दहापट होतं हे सगळ्यांना आठवतं, पण इम्पीडन्स दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट होतो, हे विसरायला होतं. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या केबलला सोर्स दिसतो ४० ओहमचा आणि पलीकडच्या केबलला ४,००० ओहमचा (वाइंडिंगचा रोध वेगळाच).

आता केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरा. अलीकडे एक मीटर केबलमुळे कट-ऑफ येतो ४० मेगाहर्ट्झला, म्हणजे विषय संपला. पलीकडे केबल आणि फोनो इनपुट मिळून ३०० पिकोफॅरड धरले तर सुमारे १३० किलोहर्ट्झ. हेही चालेल. पण १:२० चा ट्रान्सफॉर्मर लावलात तर सोर्स १६,००० ओहम आणि कट-ऑफ थेट ३३ किलोहर्ट्झ. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्सशी ही कपॅसिटन्स रेझोनन्स करते ते वेगळंच. म्हणून पलीकडची केबल आखूड ठेवायची.

'कमी कपॅसिटन्सची घ्या' हा सल्ला मुळात मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांचा. तिथे अर्धा हेन्री इंडक्टन्स आणि ३०० पिकोफॅरड मिळून रेझोनन्स १३ किलोहर्ट्झला येतो, अगदी ऐकू येण्याच्या पट्ट्यात. त्यांचं बरोबरच आहे. आपण तो सल्ला न तपासता इकडे उचलतो.

मग अलीकडच्या केबलकडून हवं तरी काय? शिल्डिंग. तिथे शिरलेला हम सिग्नलसोबत दहापट होऊन बाहेर पडतो. अर्थात, माझ्या केबलमधूनच तो शिरत होता का, हे अजून ठरायचं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटवरून टर्नटेबलची केबल काढली, तिथे शॉर्टिंग प्लग लावले, गेन तसाच ठेवून पुन्हा रेकॉर्ड केलं. रेष जागच्या जागी! म्हणजे केबल निर्दोष. मी स्टेप-अप ठेवला होता अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर, बरोबर त्याच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या वर. हातभर लांब नेला, थोडा फिरवला, आणि रेष नॉइजमध्ये बुडाली.

केबल जुनीच आहे. त्या दोन आठवड्यांतल्या अकरा रेकॉर्ड मात्र पुन्हा वाजवाव्या लागतायत. आज चौथी.