मंदावलेला संगणक : दोष कोठे शोधावा?

घरचा संगणक मंदावला, मध्येच बंद पडू लागला, की पुष्कळ शिक्षकबंधू सारा दोष ‘व्हायरस’च्या माथी मारून तो दुरुस्तीस धाडतात. तेथे पुष्कळदा डिस्क पुसली जाते आणि वर्षभराच्या गुणपत्रकांचा मागमूसही उरत नाही. यास्तव प्रथम सर्व कागदपत्रांची नक्कल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी; बाकी सारे मागाहून.

नंतर, विंडोज असल्यास, कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. उघडणाऱ्या तक्त्यात मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर दिसल्यास रॅम अपुरी पडत आहे असे समजावे. ४ जीबीच्या यंत्रात हे नित्याचेच. अशा वेळी यंत्र डिस्कचा आधार घेते, आणि डिस्क तर रॅमहून कितीतरी मंद! डिस्कच १०० टक्क्यांवर अडून राहत असेल व आतून टकटक ऐकू येत असेल, तर ती फिरती हार्ड डिस्क मोडकळीस आली आहे. नक्कल आधी करावयाची ती याचसाठी. तिच्या जागी एसएसडी बसविल्यास जुने यंत्रही चपळ होते.

अर्ध्या तासाने आपोआप बंद पडणारे यंत्र मात्र बहुधा तापलेले असते. वीजजोडणी काढून पंख्याच्या जाळीतील धूळ मऊ, कोरड्या कुंच्याने झाडावी.