रक्ताचा सामू आणि पाण्याची पाळी



माती परीक्षणाचा अहवाल हाती आला की आपण आधी सामू बघतो. सात म्हणजे मधला. खाली आम्ल, वर विम्ल. साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण होऊ लागली असे समजायचे. तरी ऊस तग धरतो, उतारा तेवढा घटतो. कारखान्यातही रसाचा सामू असाच सांभाळतात. कच्चा रस आम्लधर्मी असतो. चुना आणि गंधकाचा धूर देऊन तो सातच्या आसपास आणतात, नाहीतर साखरेची नासाडी होते.

आपल्या रक्तालाही सामू असतो. तो ७.३५ ते ७.४५ एवढाच असावा लागतो. जमिनीला मिळते तेवढी सूट रक्ताला नाही. तो सातच्या खाली घसरला तर जिवावर बेतते.

आता गंमत अशी, की आम्ल तर अंगात रोज तयार होतच असते. भाकरी, डाळ, गूळ अंगात जळतात, त्यातून कर्बवायू निघतो आणि रक्तातल्या पाण्यात मिसळून त्याचे आम्ल होते. सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच हा वायू. शिवाय डाळी, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांपासून गंधकाचे वगैरे आम्ल होते. त्याचा वायू होत नाही. म्हणून शरीराने निचऱ्याच्या दोन चाऱ्या ठेवल्या आहेत.

पहिली चारी फुप्फुसांची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा गडी धापा टाकतो, ते केवळ प्राणवायूसाठी नव्हे. रक्तात कर्बवायू वाढला की मेंदूला लगेच कळते आणि श्वास वाढवून तो बाहेर टाकला जातो. हे काम काही मिनिटांत होते.

दुसरी चारी मूत्रपिंडांची. दोन्ही मिळून रोज सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात जाते, दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडते. जाताना ते जादा आम्ल घेऊन जाते. खाण्याच्या सोड्यात आम्ल मारणारा जो अंश असतो, तोच रक्तातही असतो. मूत्रपिंडे तो वाया जाऊ देत नाहीत, लागला तर नवा तयार करतात. हे काम सावकाश चालते, काही तासांपासून काही दिवस घेते. पण वायू न होणाऱ्या आम्लाला दुसरी वाट नाही.

ही बैलजोडीच म्हणा. बिडीने फुप्फुसे खराब झाली, कर्बवायू अंगात साठू लागला, तर मूत्रपिंडे तो सोड्याचा अंश जास्त राखून सामू सावरतात. मूत्रपिंडे थकली तर माणूस बसल्या जागी खोल श्वास घेऊ लागतो. तेव्हा दम लागला म्हणजे छातीचेच दुखणे, असे धरून बसू नये.

मूत्रपिंडाला पाणी कमी पडले की गाळण मंदावते. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऐन वयातल्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी असे रोगी २००२ साली नोंदवले. कारणांचा शोध अजून चालू आहे, पण उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता यांवर मुख्य बोट ठेवले जाते. तिथे आता पाणी, विश्रांती आणि सावली यांची व्यवस्था करण्यावर भर आहे.

आपल्या फडातही हे जमण्यासारखे आहे. पाण्याची घागर बांधावर न ठेवता तोड चालू असेल तिथे न्यावी. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. दुपारी सावलीत टेकावे. अंग दुखते म्हणून दुकानातून आणून रोज गोळ्या खाऊ नयेत. अंगात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला जास्त बाधतात. ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारावे.

पाण्याची पाळी चुकली की उसाची पाने वळतात, आपल्याला बांधावरून दिसते. मूत्रपिंडाचे तसे नाही. बरेचसे काम थांबेपर्यंत ते कळू देत नाही. चाळिशीनंतर, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दरवर्षी, लघवी आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. माती तपासायला आपण नमुना देतोच. तसा हाही द्यावा, आणि आपल्या फडात राबणाऱ्या तोडणी मजुरांनाही सांगावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी