डोंगर चढणारं पाणी

चैत्र शुद्ध द्वादशीला कऱ्हेचं पाणी डोंगर चढतं. सासवडकडून पायी आलेल्या कावडी माळशिरस तालुक्यातल्या कोथळ्याजवळ मुंगी घाटाला भिडतात. वर, साताऱ्याच्या माण तालुक्यात, सुमारे हजार मीटर उंचीवर शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव. कावडीच्या दोन्ही अंगांना पाण्याचे तांब्याचे रांजण, आणि समोर नुसता कडा. पाय ठरत नाही तिथं माणसं हातात हात गुंफून साखळी करतात आणि कावड वर सरकवतात. देवाला हाक एकेरी : म्हाद्या, धाव! भुतोजी तेल्याची मानाची कावड वर पोचते आणि कऱ्हेच्या पाण्यानं शंभुमहादेवाला अभिषेक होतो.

नकाशा उघडला की या चढाईचं नवल आणखी वाढतं. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवरच रिते होतात; माण-माळशिरसच्या वाट्याला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. अशा कोरड्या प्रदेशात हा डोंगर म्हणजे पाणलोटाची कड. उत्तर उतारावरचं पाणी नीरेला जातं, दक्षिणेचं माणगंगेला. नीरा पंढरपूरच्या आधी भीमेला मिळते, माणगंगा पंढरपूरच्या पुढं. कऱ्हाही शेवटी नीरेतच उतरते. म्हणजे जे पाणी आपसूक खाली भीमेकडं निघालंय, तेच भक्त खांद्यावर घेऊन प्रवाह जिथं फुटतात त्या माथ्यावर नेतात.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोतही असा एक डोंगर आहे. त्लालोक नावाच्या पर्जन्यदेवाचा हा डोंगर चार हजार मीटरहून उंच. माथ्यावर दगडी भिंतींचं आवार आणि त्याकडं नेणारी भिंतबंद लांब वाट आजही दिसते. तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या मित्रराज्यांचे राजे उन्हाळ्याच्या अखेरीस तिथं चढत आणि पाऊस मागत, असं दिएगो दुरान या धर्मोपदेशकानं सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. तिथल्या विधीत मुलांचे बळी जात; शिंगणापूरला रांजणभर पाणी पुरतं. या दोन समाजांची कधी गाठ पडली नाही. पण दोन्हीकडं पावसाळा उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो, ढग आधी डोंगरमाथ्यावर टेकतात आणि शेत खाली वाट पाहतं. आकाश नीट न्याहाळणाऱ्या शेतकऱ्याला पाण्याचं घर डोंगरावर दिसतं, ते उगाच नाही.

शिंगणापूरला ही श्रद्धा नुसती प्रार्थनेत राहिली नाही. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी सन १६००च्या सुमारास यात्रेकरूंची तहान भागवायला इथं तळं बांधलं. माथ्यावर पडणारा थेंब माथ्यावरच अडवायचा, हे दुष्काळी भागातलं सर्वांत मोठं शहाणपण त्यात आहे. सोलापूरकरांनी एकदा तरी चैत्रात मुंगी घाटाखाली उभं राहावं. आपल्या भीमेतल्या पाण्याचा एक हिस्सा त्या उतारांवरून येतो. तो डोंगर जपणं हे आपलंही काम आहे.