शहाळ्याच्या मलईचे न शिजवलेले कस्टर्ड

फेस्ताच्या जेवणात शेवटी येणारे पुडिंग किंवा कस्टर्ड म्हणजे दूध, अंडी आणि साखर. पण हल्ली प्रत्येक मोठ्या घरात एखादे माणूस असे निघतेच, की ज्याला ते चालत नाही. कुणाला दूध पचत नाही, कुणा लेकराच्या अंगावर अंडे खाताच गांधी उठतात, आणि शहरातून सुट्टीला आलेली एखादी नात सांगते की तिने दूध, अंडी, तूप, मध हे प्राण्यांपासून येणारे सगळेच सोडले आहे. तिच्या भाषेत ती ‘व्हीगन’ आहे. अशा माणसापुढे एक केळे ठेवून आपण मोकळे होतो. वास्तविक आपल्या भाटात उभ्या असलेल्या माडावर त्याच्यासाठी उत्तम कस्टर्ड लटकत असते, आणि त्याला चूलही पेटवावी लागत नाही. मात्र चूल नाही म्हणूनच त्यात काळजी अधिक लागते. हा पदार्थ कसा करावा यापेक्षा कोणत्या नारळाचा करावा आणि किती वेळात संपवावा, हेच आधी नीट समजून घ्यायचे आहे.

प्रथम, कस्टर्ड घट्ट का होते ते पाहू. अंड्यातील प्रथिने तापली की एकमेकांत गुंततात आणि दुधाला धरून ठेवतात. साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास हे घडते. बाजारात डब्यात मिळणारी कस्टर्ड पावडर हा निराळा प्रकार. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८३७ साली ती काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. तिच्यात मुख्यतः मक्याचे पीठ असते, आणि ते पीठ उष्णतेने फुगते म्हणून दूध दाटते. म्हणजे दोन्हीकडे विस्तव हवाच. शहाळ्याच्या मलईत ना अंडे ना पीठ. पण तिच्यात पाणी धरून ठेवणारा एक चिकट, डिंकासारखा अंश असतो, आणि थोडी चरबी असते. ती बारीक वाटली की आपोआप दाट, लोण्यासारखी होते आणि गार केली की आणखी बसते. वडी कापावी तशी ती कापली जात नाही. चमच्याने खाण्याच्या श्रीखंडासारखी राहते. हे आधीच सांगितले म्हणजे करणारी बाई निराश होणार नाही.

आता नारळ. पोय फुलल्यापासून नारळ पक्का व्हायला सुमारे बारा महिने लागतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास आत मलईचा पातळ थर धरू लागतो. सातव्या महिन्यात पाणी सर्वांत भरपूर आणि गोड असते. पाणी पिण्यासाठी तेच शहाळे चांगले, पण त्यातली मलई इतकी पातळ की वाटीभर जमवायला अर्धा माड उतरवावा लागेल. कस्टर्डसाठी साधारण आठ ते नऊ महिन्यांचे फळ घ्यावे. निरोगी माडाला दर महिन्याला जवळपास एक नवी पोय येते, म्हणून नुकत्याच फुललेल्या पोयीपासून खाली घड मोजत गेले की वयाचा अंदाज लागतो. कानाजवळ हलवूनही पाहावे. अगदी कोवळे फळ गच्च भरलेले असते, त्यात पाण्याचा आवाज येत नाही. खळखळ फार वाजू लागली की फळ जून होत चालले. खरी परीक्षा फोडल्यावर: साधा चमचा जोर न लावता घातला तर मलई अखंड सुटून आली पाहिजे. करवंटीला नख लावून खरवडावे लागले तर ते खोबरे झाले, त्याची सोलकढी करावी. पक्क्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा चरबीच असते आणि चोथा बराच. त्याचे वाटण कितीही केले तरी जिभेला कणी लागते.

इथे शेतकरी म्हणून एक हिशेब करायला हवा. उतरवलेले प्रत्येक शहाळे म्हणजे तीन-चार महिन्यांनी मिळणारा एक पक्का नारळ कमी. आपल्या घरात रोजच्या हुमणाला नारळ लागतो, तेव्हा बाणावलीसारख्या उंच जातीच्या माडावर उगाच हात टाकू नये. या बाणावली माडातूनच निवड करून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘प्रताप’ ही जात १९८७ साली दिली, आणि तिचे मोल खोबऱ्यासाठीच आहे. शहाळ्यासाठी घराजवळ एक-दोन ठेंगणे माड लावावेत. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने खास शहाळ्यासाठी म्हणून १९९१ साली शिफारस केलेली चावघाट ऑरेंज ड्वार्फ ही नारिंगी फळांची जात त्यासाठी चांगली. ठेंगणा माड लवकर धरतो, आणि पहिली कित्येक वर्षे पाडेलीची वाट न पाहता फळ हाताशी येते. आज पाडेली मिळणे किती कठीण झाले आहे ते मी सांगायला नको.

उंच माडावरून शहाळी काढायचीच असतील तर पक्क्या नारळासारखी खाली टाकू नयेत. घड दोरीला बांधून सावकाश उतरवावा. कोवळी करवंटी आपटली की तिला केसासारखी तडा जाते, वरून काही दिसत नाही, आणि त्या तडेतून जंतू आत शिरतात. आपोआप गळून पडलेले, उंदराने किंवा खारीने टोकरलेले, देठाशी पाझरणारे फळ या कामाला घेऊच नये. गुरांच्या गोठ्याजवळ मातीत पडलेल्या शहाळ्यावर कोयता मारला तर ती माती कोयत्याच्या धारेवरून सरळ मलईत जाते. म्हणून शहाळे आधी बाहेरून धुवावे, कोयता साबणाने धुवून गरम पाणी ओतून घ्यावा, आणि हातही धुवावेत. शिजवलेल्या पदार्थात आपली चूक विस्तव सुधारतो. इथे तो सुधारणार नाही.

नारळ अखंड आहे म्हणून आत सारे निर्मळच असेल असे समजू नये. डेन्मार्कमध्ये एका ६९ वर्षांच्या गृहस्थाने वरची साल तासलेले, विकत आणलेले शहाळे घरी सुमारे महिनाभर फ्रिजबाहेर ठेवले होते. त्यातले थोडेसेच पाणी तो प्याला, चव वाईट लागली म्हणून थांबला. काही तासांतच घाम, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, पुढे भ्रम झाला, आणि रुग्णालयात सर्व उपचार होऊनही तो वाचला नाही. आत वाढलेल्या बुरशीने तयार केलेले ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल नावाचे विष त्याला भोवले होते. २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली. घाबरून शहाळे सोडण्याचे कारण नाही. ताजे उतरवून ताजे फोडणाऱ्याला ही भीती नाही म्हटले तरी चालेल. पण साल तासलेले फळ फ्रिजबाहेर ठेवू नये, आणि फोडल्यावर आंबूस वास आला, पाणी गढूळ दिसले, मलईवर बुळबुळीत थर किंवा काळपट डाग दिसला, तर ‘चाखून पाहू’ म्हणू नये. गुलाबी झाक कधी नुसत्या हवेनेही येते, तरी न शिजवता खायच्या पदार्थात ती मलई घालू नये.

एवढे सांभाळले की कृती सोपी आहे. पाच-सहा माणसांसाठी दोन वाट्या दाबून भरलेली मलई घ्यावी. फळांच्या आकाराप्रमाणे त्याला चार ते सहा शहाळी लागतील. मलईला चिकटलेली करवंटीची तांबूस साल सुरीने काढून टाकावी, नाहीतर रंग मळकट येतो आणि चव तुरट. आठ बिनबियांचे मऊ खजूर अर्ध्या वाटी शहाळ्याच्या पाण्यात अर्धा तास भिजत घालावेत. नंतर आधी खजूर त्याच पाण्यासह अगदी बारीक वाटावेत, मग मलई घालावी. चिमूटभर मीठ, दोन वेलदोड्यांची पूड आणि एक लहान चमचा लिंबाचा रस घालून पुन्हा वाटावे. पाणी कमी वाटले तर चमच्याचमच्याने वाढवावे. बहुतेकांचे इथेच बिघडते: एकदम पाणी ओतले की कस्टर्डाचे सरबत होते, आणि आणखी मलई घातल्याखेरीज त्याला उपाय नाही. मिक्सर सलग फिरवू नये. थांबत थांबत, भांडे गरम होऊ न देता फिरवावा. वीज नसेल तर रगड्यावर किंवा पाट्यावरही मलई सुरेख वाटली जाते, पण तो दगड आधी खरवडून धुवावा. कालच्या मिरचीचा आणि लसणीचा वास पाहुण्यांना लगेच कळतो.

कस्टर्डाचा पिवळा रंग हवाच असेल तर मे महिन्यात अर्धी वाटी मानकुराद आंब्याचा रस घालावा. त्यासारखे दुसरे काही नाही. तेव्हा खजूर निम्मे करावेत. एरवी पूर्ण पिकलेले एक साळदाटी केळे घातले की दाटपणाही येतो आणि गोडीही, फक्त केळ्याचे मिश्रण थोड्या वेळात काळवंडते, म्हणून लिंबू विसरू नये. काजू घालायचे तर दोन तास भिजवून घालावेत. बाजारात ‘कच्चे’ म्हणून मिळणारे काजू टरफल फोडताना वाफवलेले किंवा भाजलेले असतात, हे जाता जाता सांगतो. अगदी काटेकोरपणे न शिजवलेलेच खाणाऱ्या माणसाला ते चालतात का, ते त्यालाच विचारावे. तीच गोष्ट माडाच्या गुळाची. तो झाडापासूनचा खरा, पण सूर कढवून केलेला. मला स्वतःला विचाराल तर खजुरापेक्षा माडाचा काळा गूळच यात अधिक शोभतो. ज्यांचा विरोध फक्त दूध-अंड्याला आहे त्यांनी तो किसून खुशाल घालावा. वड्या पडाव्यात अशी इच्छा असेल तर चायना ग्रास उकळून घालतात. ते समुद्रातील शेवाळापासून होते, तेव्हा व्हीगन माणसाला चालते. जिलेटिन मात्र जनावरांच्या हाडाकातड्याचे असते, ते चालत नाही.

तयार मिश्रण लहान वाट्यांत ओतून, झाकून, फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवावे. फ्रिज नसेल तर केल्याबरोबर वाढावे. बाहेर ठेवलेले तासा-दोन तासांत संपवावे, फ्रिजमधले दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यापुढे ठेवू नये. मलई ओलसर, गोड आणि फारशी आंबट नसलेली, म्हणजे जंतूंनाही तितकीच आवडती. मांडवाखाली दुपारच्या उन्हात हे भांडे तासन्‌तास उघडे ठेवणे म्हणजे आजाराला आमंत्रण. लग्नाच्या शंभर पानांना हा पदार्थ करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या दहा-पंधरा माणसांपुरताच तो ठीक. गर्भवती बाई, तान्ही बाळे आणि आजारातून उठलेली माणसे यांनी न शिजवलेल्या पदार्थाबाबत अधिकच सांभाळावे.

आता आरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी. हे कस्टर्ड दुधासारखे दिसते, पण दुधाची जागा घेऊ शकत नाही. १०० ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पक्क्या खोबऱ्यात जेमतेम १५ च्या आसपास, आणि कोवळ्या मलईत प्रथिनेही फार थोडी. तेव्हा मुलाला दूध सोसत नाही म्हणून एखादी आई रोज शहाळ्यावरच भागवू लागली, तर त्या मुलाची हाडे आणि अंग भरणार नाही. त्याला नाचणी, तीळ, डाळी, काटे चावून खाण्यासारखी लहान मासळी यांतून ते मिळाले पाहिजे. सर्व प्राणिजन्य अन्न सोडलेल्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे, कारण ते वनस्पतीत मिळत नाही. दुसरी गोष्ट मूत्रपिंडाच्या रुग्णांची. शहाळ्याच्या पाण्यात आणि केळ्यात पोटॅशियम पुष्कळ असते, आणि ज्यांचे मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही त्यांच्या हृदयाला त्याने धोका होतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाही घेऊ नये. मधुमेही माणसाने ‘साखर नाही’ या शब्दांवर विसंबू नये. खजूर, केळे, गूळ ही साखरच आहे. त्याला बिनखजुराची, वेलदोडा घातलेली नुसती मलई लहान वाटीभर द्यावी.

राहिला प्रश्न रिकाम्या शहाळ्यांचा. वाटून होईपर्यंत सर्वांचे लक्ष असते, नंतर ती परसात भिरकावली जातात, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्यांत साठते. डेंग्यूचा डास अशाच लहानशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे उडणारे डास होतात. म्हणून प्रत्येक शहाळे कोयत्याने उभे चिरून दोन भाग करावेत आणि माडाच्या आळ्यात पालथे घालावेत. ओले सोडण कुजायला वेळ घेते, तोवर ते उन्हाळ्यात आळ्यातला ओलावा धरून ठेवते, आणि पुढे त्याच माडाच्या मुळांना खत मिळते.