गाव नगरपंचायतीत गेले. आता कोणते दार ठोठवायचे?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक वयस्क शेतकरी आमच्या पंचायत समितीच्या कचेरीत आले. सातबारा, आधारची प्रत, बँकेचे पासबुक, सारे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून आणलेले. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून अनुदानावर फवारणी पंप मिळतो, असे त्यांच्या कानावर आले होते. अर्जावरचे गाव वाचले आणि मला नाही म्हणावे लागले. त्यांचे गाव नगरपंचायत झाले होते, म्हणजे जिल्हा परिषदेच्या हद्दीतून बाहेर पडले होते. "साहेब, रान तेच, बांध तेच. मग मी आता शेतकरी नाही का?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते.

धड खेडे नाही आणि धड शहरही नाही, अशा गावांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायत आणली. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. आपल्याकडे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली नगरपंचायती स्थापन होतात. २०१४ साली राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे रूपांतर करायचे ठरवले. त्यानंतर अकोले, कर्जत, पारनेर, कोरेगाव, दहिवडी, वडूज अशी कितीतरी गावे नगरपंचायतीत गेली. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले आणि १७ प्रभागांतून १७ नगरसेवक निवडून येऊ लागले.

रूपांतराआधी शासन उद्घोषणा काढते आणि लेखी हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे मागवते. त्यासाठी किमान ३० दिवस असतात. हा कागद चावडीवर लागतो तेव्हा आपण बहुधा पेरणीत नाहीतर लग्नसराईत असतो. मग गाव 'शहर' झाल्याचे कळते ते फटाके वाजल्यावर.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतल्या योजना आणि ग्रामीण घरकुल योजना या गावाला लागू राहत नाहीत. घरकुल मागायचे तर शहरी योजनेतून, नगरपंचायतीकडे. राज्याच्या कृषी खात्याच्या योजना मात्र चालू राहतात. ठिबक, अवजारे, फळबाग यांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांचे कार्यालय गाठावे. पीएम-किसानचा हप्ताही थांबत नाही, कारण शहरी हद्दीतली जमीन प्रत्यक्ष लागवडीखाली असेल तर ती त्या योजनेत बसते. सातबारा, फेरफार, पीकपाहणी ही कामे महसूल खात्याचीच राहतात. तेव्हा "आता तलाठ्याचा संबंध संपला" असे कोणी सांगितले तर ऐकू नका. त्या गृहस्थांना मी कृषी कार्यालयाचा रस्ता दाखवला आणि चहा पाजला. फवारणी पंप मात्र मी देऊ शकलो नाही.

ज्या दोन गोष्टींत शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते, त्यांची चर्चा पारावर फारशी होत नाही. त्यातली पहिली म्हणजे विकास आराखडा. गाव वाढले की रस्ते, शाळा, बाजार, मैदान, कचरा डेपो यांना जागा लागते आणि आराखड्यात ती तुमच्या-आमच्या रानावर आरक्षण म्हणून रंगवली जाते. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. या दिवसांत नगरपंचायतीत जाऊन नकाशावर आपला गट नंबर स्वतः शोधा. पोराला पाठवा, पण त्याच्याबरोबर तुम्हीही जा, कारण बांध, विहीर आणि वहिवाटीची वाट कुठून जाते हे तुम्हालाच ठाऊक असते. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला हजर राहा. तोंडी सांगितलेले नगरसेवकाच्या लक्षात राहील, कागदावर राहणार नाही.

आरक्षण पडले म्हणून जमीन कायमची गेली असेही नाही. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन केली नाही, तर मालक कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द ठरते. पण नोटीस आपणच द्यायची असते. आपोआप काही सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मैदानाचे आरक्षण पडलेले दीड एकर वीस वर्षे तसेच ठेवले, आणि थोरल्या मुलीच्या लग्नात पैशाची गरज पडली तेव्हा गिऱ्हाईकच मिळेना. नोटिशीचा कागद त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. त्यात माझाही दोष आहे, मी वर्षातून चारदा त्यांच्या बांधावर जात होतो.

दुसरी गोष्ट जमीन विकताना लागणाऱ्या कराची. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे आपण धरून चालतो. पण १० हजार किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या वा नगरपंचायतीच्या हद्दीतली जमीन या सवलतीतून बाहेर जाते. एवढेच नव्हे, लोकसंख्या १० हजारांहून जास्त आणि १ लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीनही बाहेर जाते, आणि हे अंतर रस्त्याने नव्हे तर हवाई धरतात. म्हणजे शेजारच्या, अजून ग्रामपंचायत असलेल्या गावच्या शेतकऱ्यानेही हे ओळखून असावे. लोकसंख्या जनगणनेची धरतात, त्यामुळे १० हजारांच्या आतल्या छोट्या नगरपंचायतींत हा प्रश्न येत नाही. विकलेल्या रानात तुम्ही किंवा तुमचे आईवडील मागची दोन वर्षे शेती करीत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर करात सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली लाभ खात्यात ठेवावे लागतात. व्यवहाराची इसार पावती करण्याआधी चांगल्या कर सल्लागाराला विचारा. त्याची फी जड वाटेल, पण नोटीस त्याहून जड असते.

रस्त्यासाठी वा प्रकल्पासाठी जमीन गेली तरीही फरक पडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला लावायचा गुणक शहरी भागात १ आणि ग्रामीण भागात १ ते २ असा आहे.

बाकीचे थोडक्यात. जन्म-मृत्यूची नोंद आता नगरपंचायतीत २१ दिवसांच्या आत करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, तेव्हा भगिनींनो, हे काम "सासरेबुवा करतील" म्हणून सोडू नका. घरपट्टीची नवी यादी लागली की आपल्या घराचे क्षेत्र मोजून पाहा, गोठा राहत्या घरात धरला असेल तर मुदतीत हरकत द्या. दाखल्याला टाळाटाळ झाली तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते.

ग्रामसभा मात्र राहत नाही. २६ जानेवारीला उभे राहून सरपंचाला हिशेब विचारण्याची सवय झालेल्या माणसाला हे सर्वांत जास्त बोचते. त्या जागी माहितीचा अधिकार आणि आपल्या प्रभागाचा नगरसेवक, एवढेच उरते.

आणि उकिरडा. घरामागचा उकिरडा आता शेजाऱ्याच्या तक्रारीने नोटिशीला कारण होतो, तो रानात हलवा आणि खड्डा करून शेण झाका. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्याचे खत नगरपंचायत विकत असेल तर जरूर घ्या, पण तपासणीचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के असावा लागतो. मूठभर खत हातात घेऊन चोळा. काचेचे नाहीतर प्लास्टिकचे तुकडे लागले तर पिशवी परत करा.