रबराची साठवण

पनवेल हें एके काळीं बैलगाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें गांव होतें. लांकूड व लोखंड यांचें चाक कोरड्या जागीं नीट ठेविलें म्हणजे दीर्घकाळ टिके. आज याच पनवेलीवरून मालमोटारी बोरघाटाकडे जातात, आणि त्यांची मदार रबरावर असते. घाट उतरतांना ब्रेकमधील रबरी वाटी फुटली, तर आंतील द्रव गळून ब्रेक निकामी होऊं शकतो. अशा वाट्या गॅरेजच्या फळीवर ‘नव्या’ म्हणून वर्षानुवर्षें पडून असतात. परंतु न वापरलेलें रबर नवेंच राहतें, हा समज चुकीचा आहे.

चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थास १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगें रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली. रबराचे रेणू लांब धाग्यांसारखे असतात. गंधक त्यांस जागोजागीं गांठी मारतो, म्हणून ताणलेलें रबर पुन्हां पूर्ववत् होतें. हवेंतील प्राणवायु मात्र हे धागे हळूहळू तोडतो, किंवा नव्या गांठी मारून रबर कडक करतो. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं, स्थूल मानानें ही क्रिया दुप्पट जलद होते. उन्हानेंही तोच परिणाम घडतो. म्हणून तापलेल्या पत्र्याखालील वरची फळी रबरास अगदीं वर्ज्य समजावी.

दुसरा शत्रु ओझोन वायु. विजेच्या मोटारींतील ठिणग्यांमुळें तो उत्पन्न होतो व ताणलेल्या रबरास भेगा पाडतो. सैल रबरास त्याची बाधा फारशी होत नाहीं. यास्तव पट्टे व ट्यूबा खिळ्यास टांगूं नयेत.

साठवणीस २५ अंशांखालील उष्णमान उत्तम. कोंकणच्या उन्हाळ्यांत तें साधणें कठीण. तरी सावलींतील, जमिनीलगतचें बंद कपाट पुष्कळ बरें. ट्यूबा कोरड्या करून, शंखजिऱ्याची पूड लावून, सैल घडीनें पॉलिथिनच्या पिशवींत ठेवाव्या. ब्रेकच्या वाट्यांस पूड लावूं नये. त्या कारखान्याच्या बंद पुडींतच असूं द्याव्या. तेल, ग्रीस, पेट्रोल व तांबें यांचा स्पर्श टाळावा. प्रत्येक पुडीवर तारीख असावी, आणि आधीं आलेली वस्तु आधीं वापरावी.

चांगल्या साठवणीनें रबराचें आयुष्य वाढतें, परंतु तें अक्षय होत नाहीं. दुमडतांच बारीक भेगा दिसल्या, तर ती वस्तु कोरी असली तरी टाकून द्यावी. वाटीची किंमत अल्प आहे. घाटांतील गाडीवर माणसें बसलेलीं असतात.